गिट, गिटहब आणि तुमचा कोड: लहान सॉफ्टवेअर टीमने नेमकं काय निवडायचं?

डिसेंबर २०२५ मध्ये गिटहबने दरांबाबत एक घोषणा केली आणि जगभरातले प्रोग्रामर भडकले.

गिटहबवर कोड ठेवला की त्याची चाचणी आपोआप घेणारी 'अ‍ॅक्शन्स' नावाची सेवा मिळते. ही चाचणी गिटहबच्या मशीनवर चालवता येते किंवा स्वतःच्या. स्वतःच्या मशीनवर चालवली तर आजवर वेगळे पैसे लागत नव्हते. मार्च २०२६ पासून खासगी प्रकल्पांना त्यासाठीही दर मिनिटाला ०.००२ डॉलर मोजावे लागतील, असं कंपनीने सांगितलं. मशीन आमचं, वीज आमची, मग पैसे कशाचे, असा सवाल सोशल मीडियावर सुरू झाला. टीका इतकी वाढली की कंपनीने लगेचच हा निर्णय लांबणीवर टाकला.

त्याच्या काही दिवस आधी, नोव्हेंबरमध्ये, 'झिग' या प्रोग्रामिंग भाषेच्या टीमने गिटहब सोडून 'कोडबर्ग' या जर्मनीतल्या ना-नफा सेवेकडे जात असल्याचं जाहीर केलं होतं.

दर मिनिटाला ०.००२ डॉलर म्हणजे महिन्याला तीन हजार मिनिटं वापरली तरी सहा डॉलर. रक्कम मोठी नाही. पण या निमित्ताने जो प्रश्न पुढे आला, तो पुण्या-नाशिकच्या पाच जणांच्या स्टार्टअपपासून कोल्हापुरात दोन खोल्यांत चालणाऱ्या सॉफ्टवेअर कंपनीपर्यंत सगळ्यांना लागू होतो. आपला कोड नेमका कुठे आहे? आणि उद्या ती जागा बंद झाली, महाग झाली किंवा आपल्यासाठीच बंद केली गेली, तर काय?

आधी, व्हर्जन कंट्रोल म्हणजे काय?

लग्नाची पत्रिका छापायला देताना फाइलचं नाव काय होतं ते आठवून बघा. 'पत्रिका', मग 'पत्रिका फायनल', मग 'पत्रिका फायनल २', आणि शेवटी 'पत्रिका खरंच फायनल'. तरीही मामांचं नाव राहिलेली जुनीच फाइल प्रेसमध्ये जाते.

सॉफ्टवेअरमध्ये अशा शेकडो फाइल असतात आणि त्यांत एकाच वेळी अनेक जण बदल करत असतात. कोणी, कधी, कोणत्या ओळीत, कशासाठी बदल केला याची नोंद ठेवणारी आणि हवं तेव्हा जुन्या स्थितीत परत नेणारी व्यवस्था म्हणजे व्हर्जन कंट्रोल सिस्टिम.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये १९७२ मध्येच 'एससीसीएस' नावाची अशी प्रणाली तयार झाली होती. पुढे १९८२ मध्ये 'आरसीएस', १९८६ मध्ये 'सीव्हीएस' आणि २००० मध्ये सुरू झालेली 'सबव्हर्जन' अशी रांग लागली.

मग गूगल ड्राइव्ह किंवा पेन ड्राइव्हवर फोल्डर ठेवून भागत नाही का? एकटा माणूस असेल तर काही दिवस भागतं. दोघांनी एकच फाइल एकाच दुपारी बदलली की अडतं. ड्राइव्हवर दोनपैकी एकाचं काम दुसऱ्याच्या कामाखाली गाडलं जाऊ शकतं, नाहीतर एकाच फाइलच्या दोन प्रती तयार होतात. व्हर्जन कंट्रोल प्रणाली दोघांचे बदल ओळीनुसार जुळवते आणि जिथे जुळत नाहीत तिथे थांबून विचारते.

गिट आलं कुठून?

आज या क्षेत्रात एकाच नावाचं राज्य आहे, ते म्हणजे गिट. स्टॅक ओव्हरफ्लोने २०२२ मध्ये घेतलेल्या पाहणीत सुमारे ९४ टक्के डेव्हलपरनी आपण गिट वापरतो असं सांगितलं होतं. पण गिटचा जन्मच एका 'फुकट' सेवेच्या भांडणातून झाला आहे.

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, जगभरातले हजारो प्रोग्रामर मिळून लिहितात. २००२ पासून त्याचा कोड 'बिटकीपर' या खासगी कंपनीच्या प्रणालीवर सांभाळला जात होता. कंपनीने ती लिनक्सच्या टीमला फुकट दिली होती, पण काही अटींवर. तेव्हाही अनेकांनी या अटींना विरोध केला होता.

पुढे अँड्र्यू ट्रिजेल या ऑस्ट्रेलियन प्रोग्रामरने बिटकीपरशी जोडून घेणारं स्वतंत्र साधन बनवायला घेतलं. कंपनीला ते मान्य नव्हतं. २००५ मध्ये कंपनीने फुकट आवृत्ती काढून घेतली आणि जगातल्या सर्वांत मोठ्या खुल्या सॉफ्टवेअर प्रकल्पाला कोड सांभाळायला जागाच उरली नाही.

लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी ३ एप्रिल २००५ च्या सुमारास स्वतःची प्रणाली लिहायला घेतली. ७ एप्रिलला, म्हणजे चारेक दिवसांत, गिट स्वतःचाच कोड सांभाळू लागलं होतं. त्याच वर्षी जूनमध्ये लिनक्स कर्नलची २.६.१२ ही आवृत्ती गिटवरून बाहेर पडली. जुलैमध्ये टोरवाल्ड्स यांनी गिटची जबाबदारी जुनिओ हमानो यांच्याकडे सोपवली. ती आजही त्यांच्याकडेच आहे.

एप्रिल २०२५ मध्ये गिटला २० वर्षं पूर्ण झाली.

गिटमध्ये वेगळं काय होतं?

सबव्हर्जनसारख्या जुन्या प्रणालींमध्ये संपूर्ण इतिहास एका मध्यवर्ती सर्व्हरवर असतो. तुमच्या लॅपटॉपवर फक्त ताजी प्रत येते. सर्व्हर बंद पडला की नवी नोंद करता येत नाही आणि जुना इतिहासही बघता येत नाही.

गिटमध्ये प्रत्येकाच्या लॅपटॉपवर पूर्ण इतिहास उतरतो. इंटरनेट नसतानाही नोंद करता येते, जुनी आवृत्ती काढता येते, प्रयोगासाठी वेगळी ब्रँच तयार करता येते. नेट आलं की बदल पाठवायचे. शिवाय प्रत्येक नोंदीला तिच्या मजकुरावरून काढलेला एक ठसा असतो. मागच्या नोंदीत गुपचूप बदल केला तर पुढचे सगळे ठसे बदलतात आणि गडबड लक्षात येते.

प्रत्येकाकडे प्रत असण्याचं महत्त्व काय, हे समजून घ्यायला सिनेमाचं उदाहरण चांगलं आहे. 'टॉय स्टोरी २' या अ‍ॅनिमेशनपटाचं काम सुरू असताना १९९८ मध्ये कोणीतरी चुकून फाइल पुसण्याची आज्ञा दिली आणि सर्व्हरवरचा सिनेमाचा बराचसा भाग नाहीसा झाला. बॅकअप बघितला तर तोही नीट चाललेला नव्हता. सिनेमा वाचला तो गॅलिन सुसमन या वरिष्ठ तंत्रज्ञांमुळे. बाळंतपणानंतर घरून काम करता यावं म्हणून त्यांनी घरच्या संगणकावर प्रत ठेवली होती.

पिक्सारला जे योगायोगाने मिळालं, ते गिटमध्ये आपोआप होतं. पाच जणांच्या टीममध्ये कोडच्या किमान पाच प्रती असतात. मात्र त्या किती ताज्या, हे कोणी शेवटचं काम कधी उतरवून घेतलं यावर ठरतं.

मग सगळ्यांनी गिटच घ्यावं का?

वेबसाइट, मोबाइल अ‍ॅप, हिशोबाचं सॉफ्टवेअर असं काही बनवणाऱ्या लहान टीमसाठी उत्तर जवळपास नेहमीच 'हो' आहे. त्याचं मोठं कारण तांत्रिक नसून माणसांशी जोडलेलं आहे. नवा मुलगा किंवा मुलगी कामावर घेतली की त्यांना गिट येत असतं. अडचण आली तर उत्तर शोधायला पाच मिनिटं लागतात. बाकीची साधनंही गिट गृहीत धरूनच बनवलेली असतात.

लोकप्रियता किती महत्त्वाची ठरते, हे 'मर्क्युरिअल'च्या गोष्टीतून दिसतं. तीही २००५ मध्ये बिटकीपरच्या त्याच वादातून जन्मलेली प्रणाली. शिकायला गिटपेक्षा सोपी, असं अनेकांचं मत होतं. बिटबकेट ही सेवा तर २००८ मध्ये मर्क्युरिअलसाठीच सुरू झाली होती. पण वापरणारे कमी होत गेले. २०१९ मध्ये बिटबकेटने मर्क्युरिअलची सोय बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि २०२० मध्ये ती बंद झाली. ज्यांनी आपला कोड वेळेत हलवला नाही, त्यांच्या मर्क्युरिअल रिपॉझिटरी तिथून गेल्या.

गिट अडखळतं अशाही काही जागा आहेत.

गेम, थ्रीडी अ‍ॅनिमेशन किंवा व्हिडिओवर काम करणाऱ्या टीमकडे शेकडो एमबीच्या फाइल असतात. गिट मुळात मजकुरासाठी बनलं आहे. अशा फाइलमध्ये ओळीनुसार बदल जुळवता येत नाहीत आणि प्रत्येक आवृत्तीबरोबर रिपॉझिटरी फुगत जाते. गिटहब तर १०० एमबीपेक्षा मोठी फाइल थेट स्वीकारतच नाही. त्यावर 'गिट एलएफएस' हा उपाय २०१५ पासून आहे, ज्यात मोठ्या फाइल वेगळ्या ठेवल्या जातात. पण गेम क्षेत्रात अजूनही अनेक स्टुडिओ 'परफोर्स' वापरतात, कारण त्यात एकाने फाइल हातात घेतली की ती इतरांसाठी कुलूपबंद करता येते. पाच जणांपर्यंतच्या टीमला ती फुकट मिळते.

दुसरी जागा म्हणजे जिथे सबव्हर्जन वर्षानुवर्षं नीट चाललं आहे. सगळे जण एकाच ऑफिसात बसतात, सर्व्हर आपला आहे, बॅकअप होतो. अशा टीमने केवळ फॅशन म्हणून बदल करायची गरज नाही. नव्या माणसांना ते शिकवावं लागेल, एवढा खर्च मात्र धरून चालावा.

गिट आणि गिटहब एकच आहे का?

नाही. आणि सगळा गोंधळ इथेच होतो.

गिट हे सॉफ्टवेअर आहे. ते खुलं आहे, फुकट आहे, कोणा एका कंपनीच्या मालकीचं नाही. गिटहब ही २००८ मध्ये सुरू झालेली वेबसाइट आहे, जिथे गिटची रिपॉझिटरी ठेवता येते. मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये साडेसात अब्ज डॉलरचे शेअर्स देऊन ती विकत घेतली. गिटलॅब, बिटबकेट, कोडबर्ग या अशाच इतर जागा आहेत.

गिटहबच्या २०२५ च्या अहवालानुसार तिथे १८ कोटींपेक्षा जास्त डेव्हलपर आहेत आणि एका वर्षात एकट्या भारतातून ५० लाखांहून अधिक नवे डेव्हलपर आले. म्हणजे भारतातल्या प्रोग्रामरच्या एका मोठ्या पिढीसाठी 'कोड ठेवणं' म्हणजे गिटहब, एवढंच समीकरण आहे.

म्हणूनच लहान टीमचा खरा निर्णय 'कोणती प्रणाली' हा उरलेला नाही. 'कोणाच्या जागेत आणि कोणाच्या नावावर' हा आहे.

जागा हातातून जाऊ शकते का?

जाऊ शकते, आणि ती अनेक प्रकारे गेली आहे.

मालकाने दुकान बंद केलं: गूगलची 'गूगल कोड' ही सेवा मार्च २०१५ मध्ये बंद होणार असल्याचं जाहीर झालं आणि जानेवारी २०१६ मध्ये ती बंद झाली. मालक गूगलसारखा मोठा होता, तरी सेवा टिकली नाही.

हल्ला झाला: 'कोड स्पेसेस' ही गिट आणि सबव्हर्जनसाठी जागा देणारी कंपनी होती. जून २०१४ मध्ये हल्लेखोरांनी तिच्या क्लाउड खात्यात शिरकाव करून खंडणी मागितली. कंपनीने खातं परत मिळवायचा प्रयत्न करताच त्यांनी बहुतेक डेटा आणि बॅकअपही पुसून टाकले. बॅकअप त्याच खात्यात होते. कंपनीला कायमचं शटर ओढावं लागलं.

चूक झाली: ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅबच्या एका कर्मचाऱ्याने चुकीच्या सर्व्हरवर आज्ञा दिली आणि मुख्य डेटाबेस पुसला गेला. बॅकअपच्या पाच पद्धतींपैकी एकही नीट चालत नसल्याचं तेव्हा लक्षात आलं. सहा तासांपूर्वीची एक प्रत सापडली म्हणून निभावलं. यात कोड वाचला. पण त्या सहा तासांतल्या चर्चा, तक्रारींच्या नोंदी आणि नवी खाती गेली.

सरकारने अडवलं: जुलै २०१९ मध्ये अमेरिकेच्या निर्बंधांमुळे गिटहबने इराण, सीरिया आणि क्रायमियातल्या डेव्हलपरच्या खात्यांवर बंधनं घातली. इराणसाठी ती उठायला जानेवारी २०२१ उजाडला.

भारतही याला अपवाद नाही. डिसेंबर २०१४ च्या अखेरीस गिटहबसह ३२ वेबसाइट भारतात अडवल्या गेल्या होत्या. त्यामागे दहशतवादविरोधी पथकाची तक्रार आणि मुंबईतल्या न्यायालयाचा आदेश होता. आक्षेप होता तो दहशतवादी संघटनेशी संबंधित मजकुरावर. पण फटका बसला तो ज्यांचा रोजचा कोड तिथे होता त्यांना. काही दिवसांत गिटहब पुन्हा सुरू झालं.

आणि गेल्या वर्षीचं उदाहरण तर कोडपलीकडचं आहे. युरोपीय संघाच्या निर्बंधांनंतर जुलै २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने नायरा एनर्जी या भारतातल्या तेल कंपनीच्या ईमेलसह काही सेवा थांबवल्या. नायराने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली आणि त्यानंतर काही दिवसांतच सेवा पूर्ववत झाल्या. एवढ्या मोठ्या कंपनीकडे वकिलांची फौज असते. पाच जणांच्या टीमकडे ती नसते.

पण गिटमध्ये सगळ्यांकडे प्रत असते ना?

कोडची असते. पण आज टीमचं काम फक्त कोडवर चालत नाही.

ग्राहकाने सांगितलेल्या चुकांची यादी, कोणता बदल का नाकारला याची चर्चा, आपोआप चालणाऱ्या चाचण्या, कोणाला काय दिसावं याच्या परवानग्या, सर्व्हरच्या चाव्या. यातलं बहुतेक गिटमध्ये नसतं, त्या वेबसाइटवर असतं. जागा बदलायची वेळ आली की कोड दहा मिनिटांत हलतो. बाकीचं हलवायला आठवडे लागू शकतात. डिसेंबरमधल्या दरवाढीवर लोक चिडले त्याचंही मूळ इथेच आहे. सोडून जाता येतं हे सगळ्यांना माहीत होतं, पण सोपं नाही हेही माहीत होतं.

स्वतःचा सर्व्हर लावावा का?

गिटलॅब, गिटी किंवा फोर्जेहो अशी खुली सॉफ्टवेअर वापरून लहानशा भाड्याच्या सर्व्हरवर स्वतःची जागा उभी करता येते. ग्राहकाशी केलेल्या करारात कोड बाहेर ठेवायचा नाही अशी अट असेल, तर हाच मार्ग उरतो.

पण सर्व्हरचं भाडं हा त्यातला छोटा खर्च आहे. सुरक्षेचे अपडेट कोण टाकणार? बॅकअप कोण तपासणार? रविवारी रात्री डिस्क भरली तर कोण उठणार? पाच जणांच्या टीममध्ये हे काम बहुधा त्याच माणसाच्या गळ्यात पडतं, ज्याच्याकडे आधीच सर्वांत जास्त काम आहे. तो सोडून गेला की सर्व्हर अनाथ.

तुलनेसाठी, गिटहबने एप्रिल २०२० मध्ये टीमसाठी मूलभूत सोयी फुकट केल्या आणि सशुल्क टीम योजनेचा दर माणशी महिना ९ वरून ४ डॉलरवर आणला. पाच जणांचे २० डॉलर, म्हणजे पावणेदोन हजार रुपयांच्या आसपास. फुकट योजनेत खासगी रिपॉझिटरीच्या मुख्य ब्रँचला संरक्षण देता येत नाही. त्यामुळे नवख्याच्या एका चुकीच्या आज्ञेने सगळ्यांचं काम विस्कटू शकतं. गिटलॅब आणि बिटबकेटच्या फुकट योजनांमध्ये खासगी कामासाठी पाच जणांची मर्यादा आहे. सहावा माणूस घेतला की हिशोब बदलतो.

मोठा धोका कुठे असतो?

बऱ्याचदा तो परदेशातल्या कंपनीकडे नसून आपल्याच टीममध्ये असतो.

लहान कंपनीत पहिली रिपॉझिटरी बहुतेक वेळा एखाद्या प्रोग्रामरच्या वैयक्तिक खात्यावर तयार होते. सुरुवातीला कोणाला त्याचं काही वाटत नाही. दोन वर्षांनी तो नोकरी सोडतो, कधी वाद होऊन सोडतो, आणि मग लक्षात येतं की कंपनीचा कोड त्याच्या ईमेलवर आहे. पासवर्ड त्याच्याकडे, दुसऱ्या टप्प्याचा ओटीपी त्याच्या फोनवर. कोड कायद्याने कंपनीचा असेलही, पण मालकी सिद्ध करेपर्यंत ग्राहक थांबत नाही.

दुसरा धोका म्हणजे कोडमध्येच लिहिलेले पासवर्ड. टोयोटाने ऑक्टोबर २०२२ मध्ये मान्य केलं की तिच्या 'टी-कनेक्ट' सेवेच्या कोडचा काही भाग एका कंत्राटदाराकडून चुकून गिटहबवर सार्वजनिक झाला होता. त्यात सर्व्हरची चावी होती आणि तो जवळपास पाच वर्षं तसाच उघडा होता. २,९६,०१९ ग्राहकांचे ईमेल पत्ते उघड होण्याची शक्यता निर्माण झाली.

इथे गिटचा गुणच अंगाशी येतो. पासवर्ड असलेली ओळ आज पुसली तरी ती इतिहासात राहतेच. म्हणून एकदा चुकून पासवर्ड गेला की ओळ पुसून उपयोग नाही, पासवर्डच बदलावा लागतो.

तर लहान टीमने काय करावं?

• मोठ्या चित्र-व्हिडिओ फाइल नसतील तर गिट घ्या. यावर आठवडाभर चर्चा करण्यात अर्थ नाही.

• जागा कोणतीही घ्या, खातं कंपनीच्या नावाने आणि कंपनीच्या ईमेलवर उघडा. मालकीचे अधिकार किमान दोघांकडे ठेवा.

• आठवड्यातून एकदा संपूर्ण रिपॉझिटरीची 'मिरर' प्रत दुसऱ्या कंपनीच्या जागेवर किंवा ऑफिसातल्या डिस्कवर घ्या. एलएफएसच्या मोठ्या फाइल त्यात आपोआप येत नाहीत, त्या वेगळ्या उतरवा. कोड स्पेसेसची चूक आठवा: बॅकअप त्याच खात्यात नको.

• चुकांची यादी आणि चर्चा महिन्यातून एकदा उतरवून घ्या.

• चाचण्या आणि बिल्डच्या पायऱ्या साध्या स्क्रिप्टमध्ये लिहा. वेबसाइटच्या सेटिंगमध्ये फक्त ती स्क्रिप्ट चालवा. मग जागा बदलणं सोपं जातं.

• पासवर्ड आणि चाव्या कोडमध्ये लिहू नका. सोडून जाणाऱ्या माणसाचा प्रवेश त्याच दिवशी बंद करा.

• स्वतःचा सर्व्हर तेव्हाच लावा, जेव्हा तो सांभाळणारी दोन माणसं तुमच्याकडे आहेत.

निवड बरोबर झाली का हे तपासायलाही एक सोपी रीत आहे. एखाद्या शनिवारी कोरा लॅपटॉप घ्या. गिटहब किंवा तुम्ही वापरता ती वेबसाइट अस्तित्वातच नाही असं समजा. फक्त बॅकअपवरून तुमचं सॉफ्टवेअर उभं करून दाखवा, आणि ते काम टीममधल्या सर्वांत नव्या माणसाला करायला सांगा.

गिटलॅबच्या पाचही बॅकअप पद्धती कागदावर ठीकच होत्या. त्या चालत नाहीत हे कळलं तेव्हा डेटाबेस पुसला गेला होता.